थकलेलं अनुदान हे सरकारवरचं कर्ज

निराधारांचं अनुदान चार महिने आलं नाही, रोजगार हमीची मजुरी अडकली, शिष्यवृत्ती वर्ष उलटून गेलं तरी खात्यात पडली नाही, की आपल्याकडे दोन मागण्या हमखास होतात. जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई करा, ही पहिली. सगळं ऑनलाइन करा म्हणजे मधले हात जातील, ही दुसरी. पहिली मोर्चातून येते, दुसरी मंत्रालयातून, आणि दोन्ही ऐकायला इतक्या रास्त वाटतात की त्यापुढे विचार करायची कुणाला गरज भासत नाही. माझ्या मते या दोन्ही मागण्या प्रश्नाच्या कडेकडेने फिरतात. पैसे उशिरा दिल्याने सरकारचं काहीच बिघडत नाही, उलट थोडा फायदाच होतो. हे असंच राहणार असेल तर कुणालाही निलंबित करा, कुठलंही पोर्टल आणा, उशीर होतच राहील. मंजूर झालेलं अनुदान ठरल्या तारखेनंतर सरकारवरचं कर्ज मानलं गेलं पाहिजे. त्यावर न मागता व्याज चढलं पाहिजे, ते हिशेबात दिसलं पाहिजे आणि कारण न सांगता ते थांबवता येता कामा नये. उत्तरदायित्वाची सुरुवात तिथून होते.

उदाहरण मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं घेतो. 1980 पासून चालत आलेल्या या योजनेत विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण येतात. पासष्टच्या पुढच्यांसाठी तिची जोडीदार श्रावणबाळ योजना आहे. जुलै 2023 मध्ये रक्कम महिना 1,500 रुपये झाली, त्याआधी ती 1,000 होती. गावात याला सरळ ‘निराधारचा पगार’ म्हणतात.

1. दोषी शोधून हाती काय लागतं

थेट हस्तांतरण येण्यापूर्वी हा पगार कसा पोचत असे ते पाहा. पैसा सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचा, राबवणूक महसूल विभागाची. मंत्रालयातून तरतूद ‘बीडीएस’ या अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर पडायची, जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदाराकडे वाटप व्हायचं, तिथली संजय गांधी शाखा देयक तयार करायची, कोषागार ते मंजूर करायचं, मग यादी आणि धनादेश बँकेत जायचा, बँक आपल्या सवडीने खात्यांत रकमा टाकायची. या साखळीत कुठेही पंधरा दिवस गेले तरी प्रत्येकाकडे खरंखुरं उत्तर असे. ‘अनुदान प्राप्त नाही,’ असं तहसीलदार सांगे आणि ते खोटं नसे. ‘उपयोगिता प्रमाणपत्र आलेलं नाही,’ असं मंत्रालय सांगे, तेही खोटं नसे. सगळे खरं बोलत असताना बाई मात्र चार महिने बिनपैशाची. अशा उशिरात खलनायक शोधायला गेलं की सापडतो तो सर्वांत खालचा कारकून.

निलंबन झालंच, तर त्याचा अर्थही समजून घ्यावा. निलंबित कर्मचाऱ्याला सुरुवातीपासून निर्वाह भत्ता मिळतो, साधारण निम्म्या पगाराच्या आसपास. तो मिळायलाच हवा. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, फौजदारी शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याला अपील चालू असताना महिना एक रुपया निर्वाह भत्ता देणारा नियम रद्द ठरवला. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला आहे त्यालाही दोन वेळा जेवावं लागतं, हे आपल्या राज्याला कायद्याने मान्य करावं लागलं आहे. मग जिच्यावर कसलाच आरोप नाही तिचे कोरडे चार महिने कोणत्या नियमात बसवायचे?

मोठी डोकी उडाली तरी फार वेगळं घडत नाही. 2017 ची शेतकरी कर्जमाफी आठवा: 34,022 कोटींची घोषणा, 89 लाख शेतकरी, ऑनलाइन अर्ज, आणि दिवाळीच्या तोंडावर 18 ऑक्टोबरला समारंभपूर्वक प्रमाणपत्रं. नंतर कळलं की अर्ज आणि बँकांची माहिती जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव पदावरून गेले. यादीतून सुटलेला शेतकरी मात्र पुढची कित्येक वर्षं ‘मी पात्र आहे’ हे सिद्ध करत फिरत राहिला.

याहून मोठं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. बालसंगोपन भत्त्यात फसवणूक केल्याचा खोटा ठपका ठेवून तिथल्या कर खात्याने हजारो पालकांकडून पैसे वसूल केले, कुटुंबं देशोधडीला लागली. 15 जानेवारी 2021 रोजी मार्क रुट्टे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्याकडे 1956 च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी दिलेल्या राजीनाम्याची आठवण आजही काढली जाते. तशा नैतिकतेचा हा कळसच म्हणायचा. मार्चमध्ये निवडणूक झाली, रुट्टे पुन्हा पंतप्रधान झाले आणि 2024 पर्यंत राहिले. पालकांच्या भरपाईचं काम त्यानंतरही वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं. राजीनाम्याने सरकारची प्रतिमा सावरते. ज्याचे पैसे अडकले त्याच्या खात्यात त्याने एक युरोही पडत नाही.

2. उशीर सरकारला फुकट पडतो

आपलं सरकारी लेखांकन रोखीच्या तत्त्वावर चालतं. पैसे बाहेर गेले की खर्च नोंदला जातो. गेले नाहीत तर तेवढी देणी वाढली असं कुठेही लिहिलं जात नाही. खाजगी कंपनीने पगार थकवला तर ताळेबंदात तो देणं म्हणून दिसतो. सरकारने निराधारांचं अनुदान थकवलं तर त्या महिन्याच्या हिशेबात काहीच दिसत नाही. 31 मार्चपर्यंत पैसे गेलेच नाहीत तर न वापरलेली तरतूद समर्पित होते आणि विनियोजन लेख्यांत तिची नोंद चक्क ‘बचत’ या सदराखाली येते. थकलेली उपासमार आणि वाचलेला पैसा यांतला फरक सांगणारा रकाना त्या लेख्यांत नाही.

मग उशिराची किंमत कोण मोजतं? किराणा दुकानदाराची उधारी, बचत गटाचा चुकलेला हप्ता, औषधाची सोडलेली मात्रा, आणि अगदीच अडलं तर शेकडा तीन-पाच रुपये महिन्याने घेतलेले पैसे. हा खर्च होतो, खराखुरा होतो, फक्त तो सरकारच्या वहीबाहेर होतो. राज्य सरकार बाजारातून कर्ज उभारतं तेव्हा गेल्या काही वर्षांत सात-साडेसात टक्क्यांच्या आसपास व्याज मोजतं. निराधार बाईचे पैसे चार महिने अडवून ठेवतं तेव्हा तेच सरकार तिच्याकडून बिनव्याजी कर्ज घेत असतं, तिला न विचारता. वित्त विभागाने हे मुद्दाम केलं असा माझा आरोप नाही. मुद्दाम करण्याची गरजच नाही, हीच तक्रार आहे. मार्चअखेर हात आखडता घ्यायचा असेल तेव्हा कोणतं देयक थांबवलं तर ओरड कमी होईल, हे कोषागारात कुणाला शिकवावं लागत नाही.

3. सरकारला व्याज देता येतं, पण कोणाला

‘सामाजिक अनुदानावर व्याज कसलं?’ असं विचारणाऱ्याने सरकार आणि त्याचे कायदे आजही कोणाकोणाला उशिराचं व्याज देतात किंवा द्यायला लावतात ते पाहावं.

आयकराचा परतावा रेंगाळला तर कायद्यानुसार महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, आणि त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. सरकारी निवृत्तिवेतन बँकेने उशिरा जमा केलं तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 8 टक्के दराने भरपाई द्यावी लागते, तीही पेन्शनरने मागणी न करता, आपोआप. ऑक्टोबर 2008 पासूनच्या विलंबांना हा नियम लागू आहे. लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं झालं नाही तर 2006 च्या कायद्याने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. जमीन संपादनाचा मोबदला लांबला तर 2013 च्या कायद्याने पहिल्या वर्षी 9 आणि पुढे 15 टक्के. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर किंमत, 14 दिवसांत दिली नाही तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याला 15 टक्के व्याज लागू होतं. हे ऊसव्याज प्रत्यक्षात किती शेतकऱ्यांच्या पदरात पडतं हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय आहे. पण हक्क लिहिलेला असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात तरी जाता येतं.

उलट दिशेने पाहा. महापालिकेचा मालमत्ता कर थकला तर महिना दोन टक्के शास्ती. तिथे ‘सर्व्हर डाउन होता’ हे कारण चालत नाही.

या यादीत करदाता आहे, पेन्शनर आहे, उद्योजक आहे, जमीनमालक आहे, ऊसवाला आहे. नाही तो फक्त निराधार. याचं कारण दर किंवा तिजोरी नाही. बाकीच्यांचं येणं आपण येणं मानतो आणि निराधाराचं येणं ही मेहेरबानी मानतो. मेहेरबानी उशिरा आली तरी आभारच मानायचे असतात. सरकारी निवृत्तिवेतनाकडेही एके काळी असंच पाहिलं जाई. 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि 1982 च्या डिसेंबरात डी. एस. नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढलं. निवृत्तिवेतन हा हक्क आहे, बक्षीस नाही, हे पक्कं झालं. नाकरा निकालाचा 17 डिसेंबर पेन्शनर दरवर्षी साजरा करतात. निराधारांची अशी तारीख अजून यायची आहे, आणि ती न्यायालयातूनच यावी असं काही नाही.

4. रोजगार हमीचा धडा: भरपाई लिहिली, मग पोखरली

इथे कुणी म्हणेल की असा प्रयोग झाला आहे. झाला आहे, आणि म्हणूनच त्याकडे जरा थांबून पाहायला हवं.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, 1972 च्या दुष्काळात वाढलेल्या आणि 1977 मध्ये कायदा झालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीने कामाला हक्काचं रूप दिलं. 2005 च्या राष्ट्रीय कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत देण्याचं बंधन घातलं. पुढे भरपाईचा दरही ठरला: हजेरीपट बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसानंतर, रोज थकीत मजुरीच्या 0.05 टक्के. कागदावर हे माझ्या म्हणण्याचंच आदर्श रूप होतं.

त्याला भोकं पडली ती अशी. एक, उशिराचे दोन तुकडे केले गेले. हजेरीपट बंद होण्यापासून राज्याच्या यंत्रणेने निधी हस्तांतरण आदेशावर सही करेपर्यंतचा पहिला. त्या आदेशानंतर केंद्राकडून मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचा दुसरा. भरपाई मोजली जायची फक्त पहिल्या तुकड्याची. केंद्राकडे निधी नसला की आदेश महिनामहिना पडून राहत, आणि संगणक सांगत असे की उशीर झालेलाच नाही. 2017 च्या ऑगस्टात खुद्द केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या टिपणाने निधीची कमतरता हे उशिराचं कारण असल्याचं मान्य केलं, तरी मोजणी बदलली नाही. 18 मे 2018 रोजी स्वराज अभियान खटल्यात न्या. मदन लोकूर आणि न्या. एन. व्ही. रमणा यांनी स्पष्ट केलं की मजुराला या विभागणीशी काही देणंघेणं नाही. पैसे खात्यात पडेपर्यंतच्या सगळ्या विलंबाची भरपाई त्याला मिळाली पाहिजे.

दुसरं भोक जास्त चलाख होतं. संगणकाने काढलेली भरपाई मंजूर करायची की नाकारायची, हे ठरवण्याचा अधिकार तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला होता. म्हणजे उशीर करणाऱ्या यंत्रणेनेच उशिराची भरपाई द्यायची की नाही ते ठरवायचं. ‘भरपाई देय नाही’ हे शब्द निवडायला एक क्लिक पुरे.

दर इतका किरकोळ की 1,500 रुपये महिनाभर अडकले तर भरपाई साडेबावीस रुपये. पण या प्रयोगाचं खरं अपयश दरात नव्हतं. घड्याळ कोणाच्या हातात आहे, यात होतं. यातून मी दोन अटी काढतो: उशीर शेवटपर्यंत मोजला पाहिजे, आणि मोजल्यावर कुणाची मर्जी मध्ये येता कामा नये. पेन्शनरांच्या 8 टक्क्यांत या दोन्ही अटी पाळल्या आहेत. म्हणजे सरकारला हे जमतं.

5. पोर्टलने उशीर संपला नाही, त्याचा ठपका सरकला

डिसेंबर 2024 पासून राज्याने या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने द्यायला सुरुवात केली. मधली साखळी तुटली, हे चांगलंच झालं. जुनी साखळी परत आणा असं मी म्हणणार नाही. पण उशिराचं स्वरूप बदललं. आधी उशीर सगळ्यांना एकदम होत असे, त्यामुळे तालुक्यात बोभाटा होई, पेपरात बातमी येई, आमदार फोन करत. आता उशीर एकेकट्याला होतो. आधार खात्याशी जोडलेलं नाही, जोडलं आहे पण तिला आठवतही नसलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्याला, नावातलं एक अक्षर जुळत नाही, बोटांचे ठसे झिजलेत म्हणून थम लागत नाही. शेजारणीला मिळाले आणि हिला नाही. मग ती समजते की चूक आपलीच असणार, आणि बँकमित्र, सेतू, तहसील, पुन्हा बँक अशी फिरत राहते. सरकारची चूक पोर्टलवर लाभार्थ्याची ‘त्रुटी’ होऊन उमटते.

म्हणून व्याजाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची: पैसे थांबवण्याआधी कळवणं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात ठरवलं की गरिबाची मदत बंद करण्यापूर्वी त्याला म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. आधी बंद आणि मग सुनावणी असं चालणार नाही, कारण सुनावणीपर्यंत जगायचं कशावर. आपल्याकडे हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही तर जिवंत माणूस हिशेबातून नाहीसा होतो आणि जिवंत असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच येते. तपासणी करावी, दरवर्षी करावी. पण ती पैसे चालू ठेवून, लेखी कारण आणि मुदत देऊन.

6. आक्षेप

बोगस लाभार्थ्यांचं काय? ते आहेत. तालुका समित्यांमधून राजकीय वशिल्याने नावं घुसतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. परंतु बोगस नाव शोधण्याचं काम आणि खऱ्या नावाचे पैसे वेळेवर देण्याचं काम ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं होईपर्यंत दुसरं थांबवलं की बोगस माणूस आरामात वाट पाहतो, कारण त्याचं पोट त्यावर नसतंच. चुकीने दिलेले 1,500 पुढे वसूल करता येतात. चुकीने न दिलेल्या 1,500 मुळे सोडलेली औषधाची मात्रा परत घेता येत नाही.

व्याज करदात्याच्याच पैशातून जाणार, अधिकाऱ्याला काय फरक पडतो? हा आक्षेप सगळ्यांत मजबूत आहे, म्हणून गणित करून पाहू. चार महिन्यांचं अनुदान एकदम आलं, पहिला हप्ता चार महिने उशिरा, शेवटचा एक महिना उशिरा, असं धरलं तर 8 टक्के दराने एका माणसाचं व्याज होतं 100 रुपये. दहा हजार लाभार्थ्यांच्या तालुक्यात 10 लाख. बाईला 100 रुपयांनी फारसं काही होणार नाही, हे कबूल. पण हे 10 लाख द्यायला अर्थसंकल्पात लेखाशीर्ष लागेल, त्याची तरतूद विधिमंडळात मागावी लागेल, महालेखापाल त्यावर परिच्छेद लिहील, लोकलेखा समितीसमोर सचिवांना ‘हे का भरावे लागले’ याचं उत्तर द्यावं लागेल. आज उशीर ही फक्त तक्रार आहे. व्याज लागलं की तो आकडा होतो. आणि सरकारी यंत्रणा आकड्याला तक्रारीपेक्षा जास्त घाबरते, हे मंत्रालयाच्या चार खेपा घातलेल्या कुणालाही विचारा.

मग व्यक्तिगत दंड नकोच का? हवा, पण जपून. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यातच दिरंगाई रोखण्याची तरतूद आहे. सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल अडवून ठेवायची नाही असं तो म्हणतो आणि हेतुपुरस्सर विलंबाला शिस्तभंग ठरवतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात 500 ते 5,000 रुपयांचा दंड आहे. पण त्याची बांधणी एक अर्ज, एक अधिकारी अशी आहे. दाखला वेळेत मिळवायला ती बरी, दोन विभाग, कोषागार, पोर्टल आणि बँक यांच्यात विखुरलेल्या मासिक देयकाला पुरी पडत नाही. शिवाय नुसत्या दंडाच्या भीतीने खालचा कर्मचारी वेगवान होत नाही, सावध होतो. सावध कर्मचारी म्हणजे आणखी एक कागद, आणखी एक सत्यप्रत. त्यामुळे आधी व्याज संस्थेने भरावं, त्यातून उशीर कुठे झाला हे उघड व्हावं, आणि हेतू दिसला तरच माणसापर्यंत जावं.

राज्याची आर्थिक ओढाताण आहे. असेल. तसं असेल तर यंदा इतकेच देता येतील असं सभागृहात उभं राहून सांगावं आणि त्याची राजकीय किंमत चुकवावी. केंद्राने साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला आपला वाटा वर्षानुवर्षं 200 रुपयांवरच ठेवला आहे; ते लाजिरवाणं आहे, पण निदान उघड तरी आहे. रक्कम कागदावर 1,500 ठेवून ती वेळेवर न देणं ही छुपी कपात आहे, आणि तिच्यावर कुणी मतदान केलेलं नाही.

7. सुरुवात कुठून

व्याजाचा हक्क कायद्यात यायला वेळ लागेल, लेखांकनाची पद्धत बदलायला त्याहून जास्त. तोवर एक गोष्ट विशेष सहाय्य विभागाच्या साध्या परिपत्रकाने होऊ शकते. अनुदानाची दरमहा एक तारीख जाहीर करावी. त्यानंतर पंधरा दिवसांत प्रत्येक तालुक्याने तहसील कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर चार आकडे लावावेत: मंजूर लाभार्थी किती, तारखेला पैसे मिळालेले किती, राहिलेले किती आणि कोणत्या कारणाने, आणि राहिलेल्यांना पैसे पोचायला सरासरी किती दिवस लागले. चौथा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पहिले तीन आजही कुठल्यातरी लॉगिनमागे असतातच. चौथा कुणी काढतच नाही. तो छापून येऊ लागला की नागपूरच्या अधिवेशनात एखादा आमदार त्याला अनुदानाच्या रकमेने गुणून, आठ टक्क्यांनी, तारांकित प्रश्नात विचारेल की हे देणं कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवलं आहे.